आत राहणारी, बाहेरची : पॅरिस, १८४९

आजचा विषय तसा रोजच्या बोलण्यातला आहे. कुणाची मुलगी म्युनिकला इंटर्नशिप करते आहे, कुणाचा भाचा टोरोंटोला निघाला आहे. अशी बातमी कळली की आपण दोन प्रश्न हमखास विचारतो : स्टायपेंड किती, आणि राहायची सोय काय. दोन्ही प्रश्न दिसतात तितके साधे नाहीत. दुसऱ्या प्रश्नात तर या सगळ्या प्रकाराचा इतिहासच दडलेला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपल्या सरकारी मराठीत इंटर्नशिपला 'आंतरवासिता' म्हणतात. शब्द जड आहे, आम्हालाही तो पहिल्यांदा वाचताना अडखळायला झालं होतं, पण तो चुकीचा मात्र नाही. मूळ फ्रेंच शब्द 'अँतेर्न', म्हणजे आत राहणारा. जो विद्यार्थी रुग्णालयातच राहतो, तिथेच जेवतो, रात्री कुणी दगावायला लागलं तर ज्याला उठवतात, तो अँतेर्न. सकाळी येऊन दुपारी घरी जाणारा तो 'एक्स्तेर्न', बाहेरचा. आता आपल्याकडचा जुना शब्द आठवा. गुरूच्या घरी राहून शिकणारा तो 'अंतेवासी'. नुसता आवाज जुळतो असं नाही, कल्पनाही तीच आहे. पण संस्कृत कोश उघडलात तर याच शब्दाचा आणखी एक अर्थ सापडतो : गावाच्या सीमेवर राहणारा, ज्याला गावानं बाहेर ठेवलं आहे असा माणूस. एकच शब्द गुरूच्या अगदी जवळच्या माणसासाठी, आणि वेशीबाहेरच्या माणसासाठीही! भाषा कधी कधी आपल्याला हवं त्यापेक्षा जास्त सांगून जाते. परक्या महानगरात शिकायला गेलेला विद्यार्थी एकाच वेळी आत असतो आणि बाहेरही असतो. आज आपण अशाच एका विद्यार्थिनीकडे पाहणार आहोत.

प्रथम शहर. १८०२ साली, नेपोलियन फ्रान्सचा पहिला कॉन्सल असताना, पॅरिसच्या इस्पितळांसाठी 'अँतेर्ना' ही पद्धत सुरू झाली. स्पर्धापरीक्षा द्यायची, निवड झाली की इस्पितळात राहून काम करायचं. वशिल्यापेक्षा परीक्षा हे क्रांतीनंतरच्या फ्रान्सचं आवडतं तत्त्व. याच १८०२ सालात, याच शहरात, आणखी एक दार उघडलं. जुन्या पोर-रॉयाल मठाच्या इमारतीतल्या 'मातेर्निते' या प्रसूतिगृहात सुइणींची सरकारी शाळा सुरू झाली. फ्रान्सच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडलेल्या मुली तिथे येत, राहत, शिकत, आणि परत आपापल्या गावी जात. पहिलं दार पुरुषांचं, दुसरं बायकांचं. दोन्हीकडे विद्यार्थी आत राहूनच शिकायचा. फरक एवढाच की पहिल्या दारातून डॉक्टर बाहेर पडे, दुसऱ्यातून सुईण. ही दोन दारं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

पॅरिसला पुढची चाळीस-पन्नास वर्षं जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी लोटत होते. अमेरिकेतून तर फारच. तिकडच्या कॉलेजांत व्याख्यानं मिळत, रुग्ण मिळत नसत. पॅरिसमध्ये इस्पितळांच्या एकेका वॉर्डात शेकडो खाटा. लेनेकनं स्टेथोस्कोप शोधला तो याच शहरात, १८१६ साली. पिएर लुई नावाचे प्राध्यापक रुग्ण मोजायला शिकवत होते. शंभर जणांचं रक्त काढलं तर किती वाचले, नाही काढलं तर किती वाचले, असं मोजून त्यांनी रक्त काढण्याच्या जुन्या उपचाराबद्दल शंका उभी केली. आणि परदेशी विद्यार्थ्याला व्याख्यानं फुकट, वॉर्ड उघडे. जास्त शिकायचं असेल तर चार पैसे देऊन एखाद्या अँतेर्नकडून खासगी शिकवणी घ्यायची. तो तुम्हाला खाटेपाशी नेऊन रुग्णाच्या छातीवर कान ठेवू देई. म्हणजे आत राहणारा बाहेरच्याला आतला प्रवेश विकत असे. तेव्हापासूनची ही पद्धत आहे, उगाच आजच्या एजंटांना नावं ठेवू नका.

पण इतके रुग्ण कुठून येत? हा प्रश्न त्या काळच्या प्रवासवर्णनांत फारसा दिसत नाही. तेव्हा पैसेवाला माणूस घरी आजारी पडे, घरीच डॉक्टर बोलवे, घरीच मरे. इस्पितळ गरिबांसाठी होतं. ज्या प्रेतावर कुणी हक्क सांगायला येत नसे ते शवविच्छेदनाच्या टेबलावर जाई. एडिंबरोमध्ये १८२८ साली बर्क आणि हेअर ही जोडगोळी प्रेतं विकण्यासाठी माणसं मारत होती, एवढा तिकडे तुटवडा. पॅरिसमध्ये प्रेतांची चणचण नव्हती. तेव्हा 'फुकट शिक्षण' हे काही खरं नव्हतं. फी भरली जात होती. ती विद्यार्थी भरत नव्हता, इतकंच.

आता आपली विद्यार्थिनी. एलिझाबेथ ब्लॅकवेल. जन्म १८२१, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आल्या. डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा एकामागून एक कॉलेजांनी नकार दिला. फिलाडेल्फियातल्या एका हितचिंतक डॉक्टरांनी सुचवलं की पॅरिसला जा आणि पुरुषाचा वेश करून शीक. त्यांनी ते मानलं नाही. शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा या लहान गावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही गमतीनं. प्राध्यापकांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला आणि पोरांनी थट्टा समजून एकमतानं होकार दिला. जानेवारी १८४९ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली स्त्री.

पदवी मिळाली, पण हाताला काम कुठे होतं? मधल्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या ब्लॉकली इथल्या गरिबांच्या इस्पितळात त्यांनी काही महिने काढले होते. त्या वॉर्डात शिरल्या की तिथले तरुण डॉक्टर उठून जात. खाटेच्या डोक्याशी रोगाचं निदान लिहिलेलं कार्ड असे, त्यावर लिहायचंच त्यांनी बंद केलं. म्हणजे बाईला आत येऊ द्यायचं, पण काही कळू द्यायचं नाही. नकाराचा हा प्रकार उघड नकारापेक्षा हुशारीचा, आणि आमच्या मते अधिक हलका.

इथे तत्त्वज्ञानाचं थोडं बोलू द्या, चाळीस वर्षांची सवय आहे. ॲरिस्टॉटल 'मेटाफिजिक्स'च्या सुरुवातीलाच वैद्याचं उदाहरण घेतो. वैद्य 'माणसाला' बरं करत नाही, तो कॅलियसला बरं करतो, सॉक्रेटिसला बरं करतो. ज्याला सिद्धान्त माहीत आहे पण अनुभव नाही, तो समोरच्या एका माणसापाशी चुकतो. शास्त्र सामान्याचं असतं, रोगी मात्र प्रत्येक वेळी एकटा असतो. मग हा अनुभव पुस्तकातून येत नसेल तर कुठून येतो? स्पर्शातून. आणि स्पर्शाला परवानगी लागते. इंटर्नशिप म्हणजे मुळात ही परवानगी. आजही पाहा ना, आपल्याकडचे एमबीबीएस झालेले तरुण अमेरिकेत 'ऑब्झर्व्हरशिप'ला जातात. बऱ्याचदा स्वतः पैसे भरून जातात, आणि नियम असा की डॉक्टरांच्या मागे उभं राहून बघायचं, रुग्णाला हात लावायचा नाही. त्याचा उपयोग नाही असं आम्ही म्हणत नाही. शिफारसपत्र मिळतं, त्या समाजाची रीत कळते. पण पोहणाऱ्याला काठावरून पाहणं आणि पाण्यात उतरणं यांत जो फरक आहे, तो आहेच. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना सल्ला द्यायला काय जातं म्हणा, आमच्या विषयात इंटर्नशिपच नसते.

ब्लॅकवेल मे १८४९ मध्ये पॅरिसला पोहोचल्या. शहरात कॉलरा होता. आदल्या वर्षीच्या क्रांतीची राख अजून गरम होती. वय अठ्ठावीस, हातात पदवी, आणि दारं बंद. त्यांना शस्त्रक्रिया शिकायची होती, पण इस्पितळांच्या वॉर्डात डॉक्टर म्हणून त्यांना कुणी उभं करेना. आपण मघाशी ज्यांचं नाव घेतलं ते पिएर लुई स्वतः त्यांना भेटले आणि म्हणाले, मातेर्नितेमध्ये जा. सल्ला व्यवहाराचा होता. जगात दुसरीकडे कुठे इतक्या कमी दिवसांत इतकी बाळंतपणं पाहायला आणि करायला मिळाली नसती. अट एकच : तिथे डॉक्टर म्हणून नव्हे, सुईणपणाची विद्यार्थिनी म्हणून जायचं.

आणि त्या गेल्या. ३० जून १८४९ रोजी.

हा निर्णय थोडा निरखून पाहिला पाहिजे. आपल्याकडे एमडी झालेल्या व्यक्तीला सांगून पाहा की सहा महिने आयाबायांबरोबर शिका. पदवी मिळवायला त्यांना किती दारं ठोठवावी लागली होती ते आपण पाहिलं. ती पदवी त्यांनी दाराशी ठेवली, कारण त्या बदल्यात हात लावायला मिळणार होतं. आत गेल्यावर सवलत काही नाही. खेड्यापाड्यांतून आलेल्या, वयानं कितीतरी लहान मुलींबरोबर एका सामायिक शयनगृहात खाट. बाहेर जायचं तर परवानगी. एकांत जवळजवळ नाहीच. पाळी लागली की दिवसरात्र प्रसूतीच्या खोलीत. एकाच रात्री जन्मलेली बाळं गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून ओळीनं ठेवलेली असत, त्याचं मजेदार वर्णन त्यांनी करून ठेवलं आहे. मुख्य सुईण मादाम शार्रिए आणि प्रमुख डॉक्टर पॉल द्युब्वा यांच्याकडून त्या शिकल्या. आयुष्यभर पुरेल इतकं प्रसूतिशास्त्र त्यांना इथे मिळालं. ही जागा त्यांना तुरुंगासारखीही वाटे आणि शाळेसारखीही. दोन्ही खरंच होतं.

खाटांवरच्या बायका कोण होत्या? मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या, गावाकडून आलेल्या, पुष्कळशा अविवाहित. ज्यांना घरी बाळंत होण्याची सोय होती त्या इथे येत नसत, कारण या प्रसूतिगृहात सूतिकाज्वरानं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापानं, मरण्याचा धोका घरापेक्षा जास्त होता. त्याचं कारण शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या हातांत आहे, हे व्हिएन्नात सेमेलवाइसनं १८४७ साली ओळखलं होतं, पण ते कुणी मानायला तयार नव्हतं. ज्या स्पर्शाची परवानगी मिळवण्यासाठी विद्यार्थी सातासमुद्रापलीकडून येत होते, तोच स्पर्श खाटेवरच्या बाईला घातक ठरू शकत होता. इंटर्नशिपचे इतिहास लिहिताना ही ओळ गाळली जाते. आपण गाळू नये.

मग ४ नोव्हेंबर १८४९. तान्ह्या बाळांना तेव्हा एक डोळ्यांचा रोग फार होई. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग लागे, डोळे पुवाने भरत, बाळ आंधळं होई. त्याचा जंतू सापडायला अजून तीस वर्षं होती, प्रतिबंधाचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब त्याही नंतरचे. अशाच एका बाळाचे डोळे ब्लॅकवेल पिचकारीनं धुवत होत्या आणि पाण्याचा थेंब उडून त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. संध्याकाळपर्यंत डोळा खुपू लागला, दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या चिकटलेल्या.

आता ती दोन दारं आठवा. त्यांच्यावर उपचार करायला जो आला तो त्याच रुग्णालयातला अँतेर्न होता, इपोलित ब्लो नावाचा तरुण. दोघांची आधीपासून ओळख होती. तो सूक्ष्मदर्शकाखाली काही काही दाखवी, ब्लॅकवेल त्याला इंग्रजी शिकवत. वरिष्ठांची परवानगी काढून त्यानं सुरुवातीचे दिवस इतर काम सोडलं आणि रात्रंदिवस, दर दोन तासांनी, त्यांचा डोळा साफ करत राहिला. तीन आठवडे दोन्ही डोळे मिटून अंधारात. उजवा डोळा वाचला. डावा गेला, आणि पुढच्या वर्षी तो काढून काचेचा बसवावा लागला. शल्यचिकित्सक व्हायचं स्वप्न तिथे संपलं.

ही गोष्ट मुलांच्या पुस्तकांत 'प्रेरणादायी प्रसंग' म्हणून येते. आम्हाला ते खटकतं. एक डोळा ही काही प्रेरणेची किंमत नव्हे. ब्लो आणि ब्लॅकवेल एकाच छपराखाली, एकाच जंतूच्या संगतीत काम करत होते. एकाकडे पद होतं, पुढे प्रगतीचा रस्ता आखलेला होता. दुसरीकडे पद नाही, आणि अपघात झाला तर त्याचा भार तिनं एकटीनं उचलायचा. परदेशात विनामोबदला काम करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही विचारून पाहावं : आजारी पडलास तर तू कोणाचा? विद्यापीठाचा, की जिथे काम करतोस त्यांचा? कागदावर याचं उत्तर नसेल तर गोष्ट १८४९ पेक्षा फार पुढे गेलेली नाही.

त्यानंतर त्या लंडनला गेल्या, ऑक्टोबर १८५० मध्ये, सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात. जेम्स पॅजेट यांच्यासारख्या शल्यचिकित्सकाची व्याख्यानं ऐकायला मिळाली, वॉर्डात फिरायची मुभा मिळाली. सगळे विभाग उघडे होते, एक सोडून. स्त्रियांच्या आजारांचा! तिथल्या प्राध्यापकांना बाईनं हे शिकावं हे पटत नव्हतं. पुढे आयुष्यभर त्या हा विनोद सांगत असाव्यात असं आपल्याला वाटतं. निदान त्यांनी तो लिहून ठेवला, एवढं खरं.

१८५१ मध्ये त्या न्यूयॉर्कला परतल्या. इथून गोष्टीला वेगळं वळण लागतं. दुसऱ्याच्या दारात उभं राहून काय मिळतं आणि काय मिळत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. १८५७ साली बहीण एमिली आणि मारी झाक्रेव्स्का यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये बायकामुलांसाठी स्वतःचं रुग्णालय काढलं, जिथे नव्या डॉक्टर बायकांना हात चालवायला मिळेल असं. या झाक्रेव्स्काबाई मूळच्या बर्लिनच्या, तिथल्या शारिते रुग्णालयाच्या सुईणशाळेत शिकलेल्या. सुईणशाळेच्या दारानं आत गेलेल्या दोघीजणी डॉक्टरांचं दार बांधायला बसल्या, असं म्हणा. रुग्ण पुन्हा गरीबच, युरोपातून स्थलांतर करून आलेल्या बायका. फरक असा की इथे त्यांना पाहणारी बाई होती, आणि पुष्कळजणींना तेवढंच हवं होतं. झाक्रेव्स्का पुढे बॉस्टनला गेल्या आणि १८६२ साली त्यांनी 'न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन' सुरू केलं. पदवी घेतलेल्या तरुण स्त्रियांना राहून अनुभव घेता यावा हा त्यामागचा एक उघड हेतू.

आता तुम्हाला पुढचं नाव कळलंच असेल. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवी घेतल्यावर आपल्या आनंदीबाई जोशी याच बॉस्टनच्या रुग्णालयात अनुभवासाठी गेल्या. प्रकृतीनं साथ दिली नाही, तिथलं काम फार दिवस चाललं नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीकक्षाची जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती. वर्षअखेरीला त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आनंदीबाईंबद्दल आपण पुष्कळ ऐकलेलं असतं, गोपाळरावांबद्दल त्याहून जास्त. पण त्या ज्या वॉर्डात उभ्या राहिल्या तो वॉर्ड कुणी, कशापायी बांधला, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. त्या दाराच्या पायात पॅरिसमध्ये गेलेला एक डोळा होता.

आणि पॅरिस? तिथलं पहिलं दार तोवर बंदच होतं. १८८५ च्या जुलैत सेन प्रांताचे प्रिफेक्ट यूजेन पूबेल यांनी बायकांना अँतेर्नाच्या परीक्षेला बसू देणारा आदेश काढला. अँतेर्न मंडळींनी त्याला विरोध केला होता, हे वेगळं सांगायला नको. हे पूबेल फ्रान्समध्ये आज वेगळ्याच कारणानं अमर आहेत. प्रत्येक घरानं कचऱ्याचा डबा ठेवावा असा हुकूम त्यांनी त्याच्या आदल्याच वर्षांत काढला होता, तेव्हापासून फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला 'पूबेल' म्हणतात. कृतज्ञता कशी व्यक्त होईल काही सांगता येत नाही! या आदेशानंतर १८८६ साली ओग्युस्ता क्लुंपके ही परीक्षा उत्तीर्ण होऊन पॅरिसची पहिली स्त्री अँतेर्न ठरल्या. त्या जन्मानं अमेरिकन होत्या, सान फ्रान्सिस्कोच्या. परदेशी मुलगीच. म्हणजे ब्लॅकवेल ज्या दारावरून बाजूला वळवल्या गेल्या, ते दार सदतीस वर्षांनी अमेरिकेतूनच आलेल्या दुसऱ्या बाईसाठी उघडलं, आणि त्याच वर्षी आनंदीबाई बॉस्टनच्या वॉर्डात होत्या.

आणखी एक धागा सांगून थांबतो. सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या इंग्रज बाईंनी तरुणपणी बॉस्टनच्या याच रुग्णालयात काम केलं होतं. मायदेशी एडिंबरोमध्ये दारं बंद झाली तेव्हा त्यांनी १८७४ साली लंडनला स्त्रियांचं मेडिकल स्कूल उभं केलं. तिथे शिकवायला वयस्क ब्लॅकवेल होत्या. पण स्कूलला रुग्णालय मिळेना. व्याख्यानं आहेत, खाटा नाहीत, पुन्हा तीच अडचण. १८७७ साली रॉयल फ्री हॉस्पिटलनं वॉर्ड उघडले तेव्हा कुठे ती सुटली. १८८९ मध्ये मुंबईहून निघालेल्या रखमाबाई याच स्कूलमध्ये दाखल झाल्या, याच वॉर्डांत शिकल्या. १८९४ साली शिक्षण पुरं करून त्या परतल्या आणि पुढची कितीतरी वर्षं सुरतेच्या बायकांच्या रुग्णालयात त्यांनी बाळंतपणं केली.

पुढच्या वेळी व्हिएन्नाला जाऊ. सेमेलवाइसच्या दोन वॉर्डांपैकी एकात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत होते, दुसऱ्यात सुइणी, आणि मरणारांचे आकडे दोन्हीकडे सारखे नव्हते. आता प्रश्न असतील तर विचारा.